गाडीच्या मागे महावितरण नसते: ट्रॅव्हलरच्या कॅम्परसाठी बॅटरी, सोलर आणि वायरिंग

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, कुठे चुकलं तर सांगा. तुम्ही कॅम्पर, म्हणजे राहायची-झोपायची गाडी, करायला जुनी ट्रॅव्हलर मिनीबस घेतली आहे, आतलं सुतारकाम चालू आहे, वायरिंग अजून व्हायचं आहे. माणसं चार, त्यात दोन शाळकरी मुलं. दिवाळीत मालवण-देवगडकडे जाऊन एकेका जागी दोन-तीन मुक्काम करायचे, आणि पुढच्या जूनमध्ये लडाख. विक्रेत्याने कोटेशन दिलं आहे: अडीच केव्हीएचा इन्व्हर्टर, दीडशे अँपिअर-अवरच्या दोन ट्यूब्युलर बॅटऱ्या, ५४० वॅटची दोन पॅनल, आणि वर तोंडी हमी की एक टनाचा एसी रात्रभर चालेल. तुम्ही विचारताय, एवढ्यावर भागेल की अजून एक पॅनल टाकू?

तिसऱ्या पॅनलने काही होणार नाही. त्या कोटेशनमधला माल खराब आहे असंही नाही, पण तो घरासाठीचा आहे. घरच्या इन्व्हर्टरचं काम दोन-चार तास तग धरण्याचं, कारण त्याच्या मागे महावितरण उभी असते. लाईट गेली, दोन तासांनी आली, बॅटरी पुन्हा भरली, विषय संपला. गाडीत लाईट 'येत' नाही. काल जेवढी वीज खर्च केलीत तेवढी आज छतावरून, इंजिनातून किंवा कुणाच्या तरी प्लगमधून परत भरावी लागते, नाहीतर तिसऱ्या दिवशी फ्रिजमधलं दूध नासतं. म्हणून पॅनल किती वॅटचं हे शेवटी येतं. आधी बघायचं की रोज जातं किती आणि रोज येतं किती.

मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात ट्रकच्या वायरिंगपासून सुरुवात केली, मध्ये बरीच वर्षं शेतातले सोलर पंप बसवले आणि गेली सात-आठ वर्षं कॅम्पर करतोय. तेव्हा पुढे जे लिहितोय ते याच कामातून आलेलं. तुमच्या गाडीत काही गोष्टी निराळ्या निघतील: तुम्ही कुठल्या महिन्यात फिरता, रोज गाडी किती चालवता, आणि एसी हा हट्ट आहे की इच्छा. यातलं काही बदललं की आकडे बदलतील, हिशोबाची रीत तीच राहील.

आधी जाणारी वीज

एक वही घ्या आणि वस्तूचे वॅट गुणिले तास, म्हणजेच वॅट-अवर, असं लिहीत जा. तुमच्या यादीवरून मी लिहिलं ते असं. १२ व्होल्टचा चाळीस-पन्नास लिटरचा कॉम्प्रेसर फ्रिज चालू असताना साधारण ४५ वॅट घेतो, कोकणच्या उकाड्यात निम्मा वेळ चालू राहतो, म्हणजे दिवसाला ५४० वॅट-अवर. १२ व्होल्टचे दोन पंखे, २० वॅटचे, दहा तास: ४००. सगळे एलईडी मिळून १००. पाण्याचा पंप ६० वॅटचा असला तरी दिवसभरात वीस मिनिटं चालतो, म्हणजे फक्त २०. चार मोबाईल ८०. तुम्ही लॅपटॉपवर काम करणार म्हणालात, चार तास धरले तर २४०. मिक्सरचा लोक बाऊ करतात, पण चटणीला पाच मिनिटं लागतात, ६० वॅट-अवरात काम होतं. आणि इन्व्हर्टर स्वतः: फक्त लागेल तेव्हा, दिवसात तीन तास चालू ठेवलात तर ४५.

बेरीज १,४८५. दीड हजार धरा.

इन्व्हर्टरच्या ओळीपाशी जरा थांबतो. बरेच इन्व्हर्टर काही न जोडताही १५ वॅट खात बसतात, मोठा ट्रान्सफॉर्मरवाला त्याहून जास्त. तो चोवीस तास चालू राहिला तर ३६० वॅट-अवर नुसते गुणगुणण्यात गेले. म्हणजे दोन पंख्यांचा जवळपास रात्रभराचा खर्च. माझ्याकडे 'बॅटरी टिकत नाही' म्हणून आलेल्या गाड्यांत हे दुखणं मला सगळ्यात जास्त वेळा सापडलंय. मोबाईलच्या चार्जरसाठी इन्व्हर्टर चालू, आणि इन्व्हर्टर बंद करायचं बटण पलंगाखाली, सामानाच्या मागे. बटण दाराशी आणा. दिवे, पंखे, फ्रिज, पंप, मोबाईल हे सगळं थेट १२ व्होल्टवर घ्या. इन्व्हर्टर लॅपटॉप आणि मिक्सरपुरता, प्युअर साइन वेव्ह (घरच्या लाईनसारखी वीज देणारा), हजार-दीड हजार वॅटचा पुष्कळ झाला.

आता एसी

एक टनाचा एसी कॉम्प्रेसर चालू असताना ९०० वॅट घेतो असं धरू. आठ तासांत कॉम्प्रेसर साठ टक्के वेळ चालला तर ४,३०० वॅट-अवर होतात, इन्व्हर्टरमधली गळती मिळवली की पाच हजारांच्या आसपास. आणि हे चांगल्या इन्सुलेशनच्या गाडीत. दिवसभर उन्हात तापलेल्या पत्र्याच्या डब्यात कॉम्प्रेसर थांबतच नाही.

तुमच्या कोटेशनमधल्या बॅटऱ्या कागदावर ३,६०० वॅट-अवरच्या आहेत (१२ व्होल्ट गुणिले १५० अँपिअर-अवर, अशा दोन). ट्यूब्युलर म्हणजे लेड-ॲसिड बॅटरी, ती रोज निम्म्याच्या खाली नेली तर तिचं आयुष्य झपाट्याने घटतं, म्हणून हाताशी १,८०० उरतात. त्यातही तिच्यावरचा आकडा वीस तासांत सावकाश रिकामी करण्याचा असतो, एसीसारखा ओढा लागला की तेवढेही मिळत नाहीत. म्हणजे रात्री दहाला एसी लावलात की एकच्या सुमारास मुलं उठून बसतील.

बरं, बॅटरी वाढवली तरी परत भरायचं कुठून? एसीचे पाच हजार आणि बाकीचे दीड हजार मिळून साडेसहा हजार. त्यासाठी दोन हजार वॅटहून जास्त पॅनल लागतात. ५४० वॅटचं एक पॅनल साधारण २.२८ मीटर लांब आणि १.१३ मीटर रुंद. ट्रॅव्हलरच्या छतावर अशी दोन बसतात, मग हवेचा पंखा आणि एसीचं युनिट कुठे ठेवायचं ते सुताराला विचारा. चार बसवायची तर शेजारी दुसरी ट्रॅव्हलर उभी करावी लागेल.

म्हणून माझ्या गाड्यांत मी उष्णतेची कामं विजेवर घेतच नाही. स्वयंपाक गॅसवर, आंघोळीचं पाणी गॅसवर, एसी फक्त बाहेरची लाईन जोडलेली असेल तेव्हा. इंडक्शनचंही तेच. एसी लावा, जरूर लावा, पण तो रिसॉर्टच्या किंवा मावशीच्या अंगणातल्या प्लगवर चालवायचा. पत्र्याच्या आत इन्सुलेशन आणि छताला हवा बाहेर फेकणारा पंखा यावर खर्च केलात तर मालवणच्या नोव्हेंबरात रात्री बहुतेक वेळा एसीची आठवण येणार नाही. मे महिन्यात येईल. तेव्हा महाबळेश्वरला जा.

बॅटरी

दीड हजार रोजचा खर्च. मी दीड दिवस ढगाळ गेला तरी चालेल असा साठा धरतो, म्हणजे २,२५० वॅट-अवर. लिथियम आयर्न फॉस्फेटची १२.८ व्होल्टची २०० अँपिअर-अवर बॅटरी २,५६० वॅट-अवरची होते आणि तिच्यातले नव्वद टक्के बिनधास्त वापरता येतात: २,३००. तेवढ्यात बसलं.

ट्यूब्युलरला माझा विरोध फक्त आकड्यांचा नाही. दीडशेची एक उंच ट्यूब्युलर पन्नास-साठ किलोची, दोन म्हणजे मागच्या चाकावर कायमचा दीड माणूस बसवलात. फोंडा घाटात ती हिंदकळते, बुचांतून ॲसिडचे थेंब उडतात, चार्ज होताना हायड्रोजन सोडते, आणि हे सगळं ज्या पलंगाखाली आहे त्यावर तुमची मुलं झोपलेली. २०० अँपिअर-अवरची लिथियम पंचवीस किलोच्या आत बसते. पहिल्या दिवशी ती महाग पडते हे खरं. दर सतत हलतात म्हणून आकडा लिहीत नाही.

घेताना दोन गोष्टी बघा. आतलं बीएमएस (बॅटरीची राखण करणारं सर्किट) सलग किती अँपिअर देतं ते विचारा. दीड हजार वॅटचा इन्व्हर्टर पूर्ण ओझ्यावर १३० अँपिअर ओढतो. बीएमएस १०० चं असेल तर तेवढं ओझं पडताच अख्खी गाडी अंधारात. आणि बॅटरी बसवायच्या आधी दुकानात नाही तर घरी, तिची परीक्षा घ्या: पूर्ण भरा, २० अँपिअरचं ओझं लावा, घड्याळ लावा. दहा तासांच्या आसपास चालली तर ती खरोखर २०० ची. एकदा माझ्याकडे 'दोनशे' लिहिलेली बॅटरी साडेसहा तासांत झोपली होती. बाहेरचं स्टिकर अगदी झकास होतं.

शंट लावलेला बॅटरी मॉनिटर घ्याच. लेड-ॲसिडमध्ये व्होल्टेज बघून अंदाज बांधायची आपल्याला सवय असते: १२.७ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी. लिथियममध्ये ही सवय फसवते. चाळीस टक्के असो की सत्तर, मीटर १३.२-१३.३ च दाखवतो आणि मग एकदम कडा कोसळावा तसा खाली येतो. किती अँपिअर आत गेले, किती बाहेर आले, हे मोजणारा शंटच खरं सांगतो.

येणारी वीज, आणि सावलीची भानगड

पॅनलवरचा आकडा प्रयोगशाळेतला आहे, २५ अंशांचा. एप्रिलमध्ये सोलापूरकडे छतावरचं पॅनल ६५ अंशांपर्यंत तापलं की नुसत्या उष्णतेने चौदा टक्के जातात. वर धूळ, आडवं बसवल्याने होणारा तोटा, कंट्रोलरचा (पॅनलच्या विजेने बॅटरी भरणाऱ्या डब्याचा) तोटा. मी सरसकट ०.७ ने गुणतो. आपल्याकडे पावसाळा सोडला तर भर उन्हाचे साडेचार तास धरायला हरकत नाही. दीड हजार भागिले ४.५ भागिले ०.७, म्हणजे ४७६. तुमच्या दोन पॅनलपैकी एकच ठेवा, ५४० चं. खर्च निघतो.

तिरकं बसवायच्या स्टँडचा नाद करू नका. पुण्या-कोल्हापुरात मेच्या मध्यापर्यंत शून्य सावलीचा दिवस येऊन जातो, सूर्य थेट डोक्यावर. दिवाळीत मालवणला दुपारचा सूर्य साधारण साठ अंशांवर असतो, आडव्या पॅनलचं तेव्हा फार बिघडत नाही. त्या स्टँडचे नट-बोल्ट आणि त्यात शिरणारा वारा मात्र बाराही महिने सोबत. पॅनल छताला चिकटवू नका, खाली चार बोटं हवा खेळू द्या. पॅनल थंड राहतं आणि पत्र्यावर सावली पडते, दुहेरी फायदा. चिकटवायची लवचिक पॅनल मी बंद केली, छतावर भाजून निघतात आणि दोन-तीन उन्हाळ्यांत त्यांचा दम जातो.

आता खरी अडचण. माणसाला सावली हवी, पॅनलला ऊन हवं, आणि गाडी एकच. कोकणात गाडी लावायची जागा म्हणजे माडाखाली नाहीतर आंब्याखाली. माडाच्या एका झावळीची सावली पॅनलवर पडली तर लोकांना वाटतं, दहावा हिस्सा झाकला, दहावा हिस्सा वीज गेली. तसं नसतं. पॅनलमधल्या चकत्या एकामागोमाग एक जोडलेल्या असतात. पाण्याची नळी एका जागी दाबली की पुढे धारच बारीक होते, तसं. बायपास डायोड (झाकलेल्या चकत्यांना वळसा देणारे) थोडं वाचवतात, तरी एका झावळीने तिसरा हिस्सा बसू शकतो. आणि माडाखाली गाडी लावायची नाही याचं कारण फक्त सावली नाही. देवगडहून परत आलेल्या एका गाडीचं पॅनल मी बदललंय, काचेच्या मधोमध नारळाएवढा तारा फुटला होता. वर छप्परही चेपलं होतं.

मी काय करतो? छतावर एक मोठं कायमचं पॅनल, आणि पलंगाखाली दीड-दोनशे वॅटचं सुटं, दहा मीटर केबलसह. गाडी आंब्याखाली, सुटं पॅनल अंगणात. दिवसातून दोनदा फिरवायचं, मुलांना हे काम द्या, आवडतं. जेवायला बाहेर पडताना आत घ्यायला विसरू नका.

पावसाळ्यात हा सगळा हिशोब कोसळतो. जुलैत गगनबावड्याला भर उन्हाचे दोन तासही मिळाले तर नशीब: ५४० गुणिले २ गुणिले ०.७, साडेसातशे वॅट-अवर. निम्मा खर्च. उरलेला निम्मा इंजिनातून घ्यायचा.

इंजिनातून

इथे जुने मेकॅनिक म्हणतील, 'एक रिले टाक, दोन्ही बॅटऱ्या जोड.' रिले म्हणजे आपोआप लागणारा स्विच, त्याने गाडीची आणि मागची बॅटरी जोडली जाते. लेड-ॲसिडला ते चालायचं. लिथियम मात्र देईल तेवढा करंट गिळते. घाटात ट्रॅफिकमध्ये इंजिन मंद फिरतंय, अल्टरनेटरला (इंजिनावर फिरून वीज बनवणाऱ्या यंत्राला) वारा नाही, आणि मागून ही बॅटरी ओढतेय. त्यात तो भाजतो. बीएस-६ गाड्यांत भर म्हणजे अल्टरनेटर कधी किती व्होल्ट देईल हे इंजिनचा कॉम्प्युटर ठरवतो. म्हणून मध्ये डीसी-टू-डीसी चार्जर (इंजिनाकडून मोजूनमापून वीज घेऊन मागची बॅटरी भरणारा) हवाच. ३० अँपिअरचा घ्या. गाडी तासभर चालली की चारशेच्या जवळ वॅट-अवर मागे जमतात. दोन तासांच्या प्रवासात पावसाळी दिवसाची तूट भरून निघते. घ्यायच्या आधी बोनेट उघडून गाडीची स्वतःची बॅटरी आणि अल्टरनेटर १२ व्होल्टचे आहेत की २४ चे, आणि अल्टरनेटर किती अँपिअरचा आहे, ते त्याच्यावरच्या पट्टीवर वाचा.

इथपर्यंतचा हिशोब असा: खर्च दीड हजार, साठा २०० अँपिअर-अवर लिथियम, ५४० वॅट छतावर, सुटं पॅनल एक, ३० अँपिअर इंजिनातून. एसी आणि इंडक्शन बाहेरच्या लाईनवर. हे सगळं १२ व्होल्टवर चालतं, २४ ची गरज नाही. तुम्ही उद्या 'नाही, इंडक्शन हवंच' म्हणालात तर मात्र २४ व्होल्टला जा, करंट निम्मा होतो आणि केबल आवाक्यात राहते.

वायरिंग, ज्याबद्दल तुम्ही विचारलंच नाही

कॅम्परमध्ये आग लागते ती बऱ्याचदा वायरिंगमुळे, आणि यावरच लोक सगळ्यात कमी खर्च करतात.

एक उदाहरण. बॅटरी मागे, फ्रिज पुढे, अंतर पाच मीटर. वायरमनने घरातलीच दीड स्क्वेअर एमएमची वायर ओढली. जाऊन-येऊन दहा मीटर. चालू असताना फ्रिज चारेक अँपिअर घेतो, तेव्हा अर्ध्या व्होल्टच्या आसपास घसारा पडतो, कुणाला कळत नाही. पण कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर पंधरा अँपिअरपर्यंत ओढू शकतो, तेव्हा पावणेदोन व्होल्ट वाटेतच जातात. फ्रिजला वाटतं बॅटरी संपली, तो बंद पडतो. मालक बॅटरीवाल्याशी भांडतो. तिथे सहा स्क्वेअर एमएमची वायर टाकली की तोच घसारा अर्ध्या व्होल्टच्या आत येतो. मी फ्रिजला सहा, डीसी-टू-डीसीला सोळा आणि दीड हजारांच्या इन्व्हर्टरला मीटरभर अंतरावर पन्नास स्क्वेअर एमएम वापरतो.

केबल पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लोहार चाळीत चांगली मिळते, पण कार-ऑडिओच्या किटमध्ये येणारी जाडजूड स्वस्त केबल घेऊ नका. चाकूने तार खरवडून बघा. आतून पांढरी निघाली तर ती अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा आहे, परत करा. समुद्राकडे जास्त राहणार असाल तर कल्हई केलेली तांब्याची केबल घ्या, खारी हवा साध्या तांब्याला हिरवं करते.

माझी एक चूक सांगतो. सुरुवातीच्या एका गाडीत मी सगळं नीट केलं, पण इन्व्हर्टरच्या थिंबलच्या (केबलच्या टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या कानाच्या) नटाखाली स्प्रिंग वॉशर टाकायचा राहिला. तीन आठवडे गाडी गोवा-कारवारकडे फिरली. परत आली तेव्हा मालक म्हणाला, मिक्सर लावला की मासळी करपल्यासारखा वास येतो. फळी काढली. नट बोटाने फिरत होता. थिंबल निळसर पडलं होतं, हीटश्रिंक (वरचं प्लास्टिकचं आवरण) वितळून गुळाच्या पाकासारखं केबलवर ओघळलं होतं आणि मागच्या प्लायवूडवर रुपयाएवढा काळा डाग. अजून एक घाट आणि ती गाडी गेली असती. तेव्हापासून प्रत्येक नट आवळला की त्यावरून खालच्या पट्टीपर्यंत पांढऱ्या ऑइल पेंटची बारीक रेघ मारतो. नट हलला की रेघ तुटलेली दिसते, पान्याची गरज नाही. प्रवासाला निघण्याआधी टॉर्च मारून रेघा बघायच्या. थिंबल पक्कडीने दाबू नका, हायड्रॉलिक क्रिम्परने दाबून घ्या. स्वतःकडे नसेल तर केबल मापून नेऊन दुकानातच करून आणा.

मुख्य फ्यूज बॅटरीच्या प्लसपासून एका वितीच्या आत. फ्यूज वस्तूला वाचवायला नसतो, केबलला वाचवायला असतो, म्हणून त्याचा आकडा केबलच्या कुवतीपेक्षा कमी. लिथियम शॉर्ट झाली तर हजारो अँपिअर सोडते, साधा फ्यूज वितळूनही आतल्या आत ठिणगी चालू राहू शकते. त्यासाठी क्लास-टी प्रकारचा घ्या. तसंच पॅनलच्या लाईनवर घरातला एमसीबी लावू नका. घरच्या एसी (उलटसुलट वाहणाऱ्या) विजेचा प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, तेव्हा ठिणगी आपोआप विझते. डीसीत, म्हणजे पॅनल-बॅटरीच्या एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेत, तो क्षणच येत नाही. डीसीचा एमसीबी वेगळा मिळतो, त्यावरची प्लस-मायनसची खूण बघून जोडा.

बॅटरी आणि गॅसचा सिलिंडर एका कप्प्यात नको, मध्ये नुसती फळी असणंही पुरेसं नाही. गॅस हवेपेक्षा जड, तळाशी साचतो, आणि ठिणगी पडायला रिले पुरतो. सिलिंडरच्या कप्प्याला तळाला बाहेर उघडणारी जाळी ठेवा.

बाहेरची लाईन जोडताना

सोळा अँपिअरचा प्लग, जाड रबरी केबल, गाडीत शिरताच ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच लाईन तोडणारा स्विच). किनाऱ्यावरच्या कित्येक झोपडीवजा हॉटेलांत सॉकेटला तिसरं भोक असतं, त्याच्या मागे अर्थिंग नसतं. गाडी रबरी टायरवर उभी, आत एखाद्या चार्जरची फेज बॉडीला लागली, तर अख्खा पत्रा जिवंत होतो आणि ओल्या वाळूवर अनवाणी उभं राहून दार उघडणाऱ्याला झटका बसतो. तपासायला स्वस्तातला सॉकेट टेस्टर मिळतो, तीन दिव्यांचा. मी तो गाडीच्या किल्लीलाच बांधून देतो. टेस्टरने अर्थ नाही म्हटलं तर जोडू नका. इन्व्हर्टर आणि बाहेरची लाईन कधीच एकत्र येता कामा नये, मध्ये चेंजओव्हर स्विच हवा. इन्व्हर्टरवर चालताना आरसीसीबी खरोखर पडतो का, हे त्या वायरमनकडून समोर तपासून घ्या. न्यूट्रल आणि गाडीची बॉडी कुठे जोडायची हे चुकलं तर तो नुसता शोभेला राहतो.

पेट्रोलचा छोटा जनरेटर घेणार असाल तर झोपताना बंद. खिडकीजवळ तर नकोच, धुराने माणूस झोपेतच जातो.

लडाखसाठी दोन गोष्टी

लिथियम आयर्न फॉस्फेट शून्य अंशाखाली वापरता येते, चार्ज करता येत नाही. केलीत तर आत धातूचा थर जमतो आणि बॅटरी कायमची अधू होते. जूनमध्येही उंचावरच्या मुक्कामात पहाटे पारा शून्याजवळ जाऊ शकतो. बॅटरी केबिनच्या आत ठेवा आणि थंडीत चार्जिंग तोडणारं बीएमएस असल्याची खात्री करा.

दुसरी गोष्ट पॅनलच्या व्होल्टेजची. थंडीत ते वाढतं. एका गिऱ्हाइकाने २४ व्होल्टच्या गाडीत ५४० ची दोन पॅनल सिरीजमध्ये, म्हणजे एकामागे एक, जोडली होती. स्टिकरवर एकाचे साडेएकोणपन्नास व्होल्ट, दोघांचे नव्व्याण्णव, आणि कंट्रोलर शंभर व्होल्टचा. 'शंभराच्या आत आहे की!' उणे पाच अंशांत तेच पॅनल आठ टक्के जास्त, म्हणजे १०७ व्होल्ट देतं. स्पितीत सकाळी पहिलं ऊन पडलं आणि कंट्रोलर गेला. तुम्ही एकच पॅनल लावलंत तर हा प्रश्न उरत नाही. पण विक्रेत्याचं ऐकून दोन लावलीत तर १५० व्होल्टचा कंट्रोलर घ्या.

छतावर काही बसवायच्या आधी आरटीओत बदलाची परवानगी आणि विमा कंपनीला कळवणं हे करून टाका. गाडीला काही झालं की विमावाले आधी नेमकं हेच विचारतात.

विक्रेत्याला आगाऊ रक्कम दिली असेल आणि तो ट्यूब्युलर परत घेत नसेल तर भांडू नका. त्या दोन्ही आणि तो इन्व्हर्टर घरी बसवा, तिथे त्यांच्या मागे महावितरण आहे, छान चालतील. तोवर छताची मोकळी लांबी-रुंदी मोजा आणि अल्टरनेटरवरच्या पट्टीचा फोटो पाठवा. कुठली केबल कुठून न्यायची ते कागदावर काढून देतो, सुताराने फळ्या ठोकायच्या आधी.